सगळं देवीला, आठ पदार्थ पंगतीला: दोन हजारात अठरा माणसांचं गौरीजेवण

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गौरी या वर्षी पहिल्यांदाच तुमच्याकडे आल्यात, आत्तापर्यंत मोठ्या जाऊबाईंकडे असायच्या. जेवायला अठरा माणसं, बारा मोठी आणि सहा मुलं. मिस्टरांचा पगार दोन महिने अर्धाच येतोय आणि किराणा-भाजी मिळून दोन हजाराच्या वर जायचं नाहीये. लिस्ट केली तर बेरीज 4,300 आली. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की "काही कमी केलं तर दिराकडचे नावं ठेवतील, काय कमी करू ते सांगा".

मी पुण्यात बावीस वर्षं घरून जेवणाच्या ऑर्डरी करते आणि गौरीपूजनाचा दिवस म्हणजे आमच्याकडे पहाटे तीनला गॅस पेटतो तो दुपारी दोनला बंद होतो. तर माझं उत्तर असं की तुम्हाला काही कमी करायचंच नाहीये. तुमची लिस्ट मोठी आहे कारण ती दोन लिस्ट एकात मिसळून केलेली आहे. नैवेद्याचं ताट वेगळं आणि पंगतीचं ताट वेगळं. नैवेद्याला रीतीप्रमाणे सगळं लागतं, पण चमचा-चमचा लागतं. पंगतीला पोटभर लागतं, पण सगळं लागत नाही. तुम्ही पाचही कोशिंबिरी अठरा माणसांच्या हिशोबाने धरल्यात, सोळा भाज्या अर्धा-अर्धा किलो धरल्यात, तिथेच आठ किलो भाजी झाली की हो, ती चिरणार कोण आणि खाणार कोण.

आता आधीच सांगते, यात बरंच काही घराघरावर आहे. माझं माहेर बीडकडचं, तिथे गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात, आणि आंबील नसेल तर नैवेद्य पुरा होत नाही. कोकणात बऱ्याच घरी घावन-घाटलं असतं, काही घरी तिखटाचा नैवेद्य असतो म्हणजे मटण-वडे, तिथे हे गणित पार बदलतं. तुम्ही पुरणपोळी आणि सोळा भाज्या म्हणालात म्हणून मी तेच धरलंय. जाऊबाईंना एक फोन करा आणि फक्त एवढंच विचारा की नैवेद्याला न चुकता काय काय लागतं. "जेवायला काय करायचो आपण" असं नका विचारू, त्या पस्तीस पदार्थ सांगतील आणि त्यात पाच वर्षांपूर्वी एकदाच केलेली बासुंदीपण असेल.

पुरणापासून सुरू करू, कारण त्यावर काटकसर करायची नाही. त्या दिवशी लोकांच्या लक्षात पोळी राहते, तिसरी कोशिंबीर नाही राहत. तुम्ही डाळ दोन किलो लिहिलीये. एक किलो पुरते. हिशोब असा, एक किलो हरभरा डाळ शिजवून, कट काढून, त्यात साधारण तेवढाच गूळ घालून आटवलं की पावणेतीन किलोच्या आसपास पुरण होतं. एका पोळीला मी 65 ग्रॅम पुरण घेते, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा, आणि कणकेचा गोळा त्याच्या निम्म्याहून कमी. अशा 42 पोळ्या होतात. मोठ्या माणसाला दोन आणि मुलाला एक धरली तर 30, दोघी गौरी, गणपती, कुलदैवत आणि गोग्रास अशा पाच नैवेद्याच्या, झाल्या 35. सात उरल्या त्या संध्याकाळी कोणी अचानक आलं तर, किंवा जाताना डब्यात द्यायला.

"दोनच?" असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटायचं. ऑर्डरी सुरू केल्या त्या पहिल्या वर्षी माणशी चार धरल्या होत्या, आमच्या घरचे जेवतात तशा, आणि एका घरी पंचवीस जणांना शंभर पोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन, साठ पोळ्या तशाच आहेत, काय करू. त्यातल्या वीस मी परत आणल्या लाजेखातर आणि आमच्या मजल्यावर वाटल्या, तिसऱ्यांदा गेले तेव्हा शेजारणीने दार अर्धंच उघडलं. ताटात वरण-भात, भजी, आमटी, तीन भाज्या असताना शहरातली बसून काम करणारी माणसं दोन पोळ्यांच्या पुढे जात नाहीत. शेतावर राबणारी माणसं येणार असतील तर मात्र माझं गणित सोडा आणि चार धरा.

पहिला गोळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बघा, नसेल काटा तर किराणावाल्याकडून करून आणा, हसेल पण करून देईल. मग त्याच मापाने सगळे गोळे आधीच वळून परातीत लावून ठेवा आणि ओल्या फडक्याने झाका. हे का सांगते, तर लाटायला बसल्यावर हात सैल सुटतो, पहिल्या दहा पोळ्यांना सढळ पुरण जातं आणि शेवटच्या दहांना पुरत नाही, मग कोणीतरी धावत जाऊन आयत्या वेळी पुरण विकत आणतं आणि तिथे दोनशे रुपये जातात. गोळे मोजलेले असले की पोळ्या मोजलेल्या असतात.

गूळ साधा पिवळा घ्या, चिक्कीचा घेऊ नका, पुरण चिकट होतं आणि लाटताना पोळी फाटते. सेंद्रिय वगैरेच्या नादी या वर्षी लागू नका. पुरण आटलं की डाव मधोमध उभा राहतो तिथे गॅस बंद, आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, गार झालं की हात मोडतात.

तूप तुम्ही किलोभर धरलंय. एका पोळीवर एक चमचा म्हणजे 10 ग्रॅम, 42 पोळ्यांना 420, अर्ध्या किलोत भागतं. सणाला तीन आठवडे असतील तर आजपासून दुधावरची साय डब्यात साठवा, फ्रीजमध्ये, थोडं दही टाकून, पूजनाच्या दोन दिवस आधी लोणी काढून कढवा, बाहेरून पाव किलोच आणावं लागेल. तुपावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 वर आलाय, तरीपण संपूर्ण लिस्टमध्ये सगळ्यात महाग वस्तू तूपच आहे. पण पोळीवर तूप वाढताना हात आखडू नका, ते दिसतं. वाढणारी व्यक्ती एकच ठेवा आणि चमचा लहान ठेवा, बास.

आणि कटाची आमटी! एवढ्या डाळीचा दीड लिटर तरी कट निघतो, तो पाण्याच्या मोलाने मिळालेला पदार्थ आहे. डाळ शिजवताना पाणी सढळ घाला, गूळ घालायच्या आधी सगळा कट गाळून काढा, तळाची मूठभर शिजलेली डाळ घोटून त्यात घाला म्हणजे अंगाला दाट होते. भाजलेलं सुकं खोबरं, गोडा मसाला, चिंच-गूळ. ही चांगली जमली तर लोक वाटी-वाटी पितात आणि बाकीचं कमी मागतात, हे माझं बावीस वर्षांचं निरीक्षण आहे. मराठवाड्याकडचे पाहुणे असतील तर पोळी आमटीत कुस्करूनच खातील, मग दुधाचाही खर्च नाही.

आता सोळा भाज्या. गौरीच्या आदल्या दिवशी भाजीवाले सोळा भाज्या चिरून, मिसळून वाटा लावून विकतात, सोयीचं असतं पण महाग पडतं आणि त्यात भोपळाच जास्त असतो. सुट्या घ्यायला गेलं तर सणाच्या गर्दीत पावशेराच्या खाली कोणी देत नाही. सोळा पावशेर म्हणजे चार किलो भाजी. मी काय करते, अशा वेळी तीन घरं मिळून घेतो. एकीने जायचं, प्रत्येक भाजी पावकिलो आणायची, घरी तीन ढीग लावायचे. प्रत्येकीच्या वाट्याला सोळा प्रकारांची मिळून सव्वा किलोच्या वर भाजी येते, अठरा जणांना वाटीभर मिश्र भाजीला पुरते आणि खर्च 120-130 रुपये. तुमच्या बिल्डिंगमध्ये गौरी बसणारं अजून एखादं घर असणारच, विचारून बघा, त्यांनाही हेच पडलेलं असतं.

कुठल्या सोळा, यावर वाद घालणारे भरपूर भेटतील. माझ्या मते त्या ऋतूत जे पिकतं ते देवीला चालतं. दोडका, पडवळ, भोपळा, दुधी, घेवडा, गवार, भेंडी, तोंडली, कारलं, काकडी, माठ, अळू, सुरण, रताळं, बटाटा, मका, या झाल्या सोळा. यात मटार आणि फ्लॉवर मुद्दाम नाहीत, भाद्रपदात मटार ही श्रीमंताची भाजी आहे. तुमच्या लिस्टमध्ये मटार किलोभर आणि पनीर अर्धा किलो दिसलं, मुलांसाठी म्हणून. काढा ते. त्या दिवशी मुलं भजी, पापड आणि तूप-पोळी खातात, पनीरकडे बघत नाहीत. करताना सुरण, रताळं, गवार, मका आधी, मग बाकीच्या, भेंडी वेगळी परतून शेवटी आणि पालेभाजी अगदी शेवटी, नाहीतर सोळाही भाज्यांचा एकच लगदा होतो.

भाजी आणायचा दिवस जरा बघून ठरवा. 2025 ला पूजन 1 सप्टेंबरला सोमवारी आलं होतं, म्हणजे आवाहन रविवारी, आणि मी आळस करून रविवारी सकाळी गेले तर अळूच्या जुडीला जे मागत होते ते ऐकून मी नुसती हसले. सुरण, रताळी, भोपळा, बटाटे, नारळ हे चार दिवस आधी आणून ठेवा, काही होत नाही त्याला. पालेभाज्या आणि काकडी तेवढी आदल्या दिवशी.

पंगतीचं ताट माझ्या मते असं असावं: पुरणपोळी, कटाची आमटी, वरण-भात, सोळा भाज्यांची मिश्र भाजी, बटाट्याची सुकी भाजी, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर आणि भजी, बरोबर पापड-कुरडई. आठ पदार्थ झाले, ताट भरलेलं दिसतं. बाकी चार कोशिंबिरी, आंबील, खीर, चटण्या हे नैवेद्यापुरतं. अर्धं गाजर, कोबीची दोन पानं, एक टोमॅटो, भोपळ्याची एक फोड, एवढ्यात चार कोशिंबिरी होतात. नैवेद्य दाखवून झाला की ते सगळं पंगतीत प्रसाद म्हणून चमचा-चमचा फिरवायचं, म्हणजे दिराकडच्यांच्याही ताटात प्रत्येक पदार्थ पडतो. कोणी म्हणू शकत नाही की अमुक केलं नव्हतं. हे फसवणं नाहीये हां, जुन्या घरांमधून असंच असायचं, पंचपक्वान्नं घमेल्याने कोणी करत नव्हतं.

पैशाचं सांगते, भाव पुण्यातले आणि माझ्या दुकानदाराचे, तुमच्याकडे थोडं इकडे-तिकडे होईल. पोळीचं सगळं म्हणजे डाळ 95, गूळ 65, कणीक-मैदा 45, अर्धा किलो तूप 330, वेलची-जायफळ 50, झाले 585. बेचाळीस पोळ्यांना भागलं तर चौदा रुपयाला एक तुपासकट, बाहेर बिनतुपाची 35-40 ला घेतात. तांदूळ एक किलो आणि तूरडाळ पाव किलो मिळून 100 (तुम्ही तांदूळ तीन किलो लिहिलाय, पोळीच्या जेवणाला अठरा माणसांना किलोच्या वर लागत नाही, शपथेवर सांगते). तिन्ही भाज्या 240. कोशिंबीर दही-कुटासकट 115. तळणाचं बेसन, लिटरभर तेल आणि पापड-कुरडया 275. दोन नारळ, मिरची, कोथिंबीर, आलं, लिंबं, आमटीचा मसाला 210. नैवेद्याचं जास्तीचं दूध, ज्वारीचं पीठ, किरकोळ भाजी, पाच केळीची पानं 135. सगळं मिळून 1,660. वरचे 340 हातात ठेवा, काहीतरी विसरलेलं असतंच, माझं दरवर्षी मीठ विसरतं.

फुलं, वेण्या, ओटीचं सामान यात धरलेलं नाहीये. संध्याकाळच्या हळदीकुंकवाचंही नाही, आणि बजेट बहुतेक वेळा तिथेच फुटतं, कारण चाळीस बायकांना मसाला दूध म्हटलं की संपलं. साखर-खोबरं किंवा फुटाणे-गूळ द्या, कोणी काही म्हणत नाही, उलट पोट भरलेलं असतं सगळ्यांचं.

रेशनवरच्या आनंदाच्या शिध्याचं तुम्ही विचारलंय. 2022 च्या दिवाळीला तो सुरू झाला, शंभर रुपयात रवा, हरभरा डाळ, साखर आणि तेल. मिळाला तर डाळ-तेलाचे दीडशे-दोनशे वाचतील, पण तो धरून लिस्ट करू नका, दरवेळी मिळतोच असं नाही.

वाढण्याचं एक लक्षात ठेवा, हे आचाऱ्यांचं गुपित आहे पण सांगते. आधी वरण-भात आणि भजी, मग पोळी. पहिली पोळी अख्खी वाढा, दुसऱ्या फेरीला पोळीचे अर्धे-अर्धे भाग करून ताट फिरवा. अख्खी समोर धरली तर माणूस संकोचाने घेतो आणि अर्धी टाकतो, नाहीतर "नको नको" म्हणून अर्ध्या पोटी उठतो. अर्धी धरली तर हवी तेवढी घेतो. ताटात टाकलेलं अन्न हा तुमच्या 4,300 मधला मोठा भाग होता. भज्यांचं पीठ एकदम भिजवू नका, निम्मं भिजवा, तळत तळत बघा किती जातंय. आणि कागदी प्लेटा अजिबात विकत घेऊ नका, शेजारून सहा-सहा स्टीलची ताटं आणा, परत करताना त्यात दोन पोळ्या ठेवून द्या, त्या सातातल्या.

कोणी "मी काय आणू" विचारलं तर "काही नको" म्हणू नका. बायका हमखास म्हणतात आणि मग रात्री रडतात. जाऊबाईंना कुरडया-पापड सांगा, नणंदेला दही सांगा. ज्याने काही आणलेलं असतं तो नावं ठेवत नाही, कारण त्याचा हात लागलेला असतो त्या जेवणाला.

राहिलं ते पुरण आदल्या रात्री करून चालेल का. सोवळ्याचं कडक असेल तर नाही, त्याच दिवशी पहाटे करावं लागेल, आणि ते घरातल्या मोठ्यांना विचारा, मी सांगणं बरोबर नाही. चालत असेल तर नक्की रात्री करा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम झाकलं तर वाफेचं पाणी सुटतं आणि पुरण सैल होतं. फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी तासभर आधी बाहेर काढा, गार पुरण लाटताना एका बाजूला जमतं आणि पोळी फुटते. कट मात्र उकळून फ्रीजमध्येच ठेवा, बाहेर राहिला तर त्या हवेत सकाळपर्यंत आंबतो आणि मग आमटीला वेगळी डाळ शिजवत बसावं लागतं. कणीक रात्री नको, सकाळी उठल्या उठल्या भिजवा, तेलाचा हात लावून दोन तास मुरू द्या, तोपर्यंत अळू चिरून होतं.